तेवीस नंबरच्या दारांचा घाम

ऑफिसात त्यांना दवबिंदूराव म्हणत. हे नाव त्यांनी विनातक्रार घेतलं, कारण त्याआधीची पाच वर्षं लोक त्यांचा उल्लेख 'अहो, ते मागच्या खोलीतले' असा करत आणि त्या मानाने ही बढतीच होती.

मागच्या खोलीत पूर्वी तिघे बसत. एक निवृत्त झाला, दुसऱ्याला बरी नोकरी मिळाली, आणि त्यांच्या खुर्च्यांवर जुन्या प्रिंटरची खोकी येऊन बसली. तेव्हापासून पंखा किती जोरात फिरवायचा याबद्दलचे वाद मिटले होते. खिडकी होती, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडायची. भिंतीला रंग नव्हता, पण पाइप होता.

दवबिंदूरावांचं काम दारांवर लक्ष ठेवायचं. दुकानांत दुधाची, लोण्याची, गोठवलेल्या मटारांची जी काचेची थंड कपाटं असतात, त्यांच्या दारांना घाम येतो. आतून गार, बाहेरून दमट हवा, येणारच. घाम आला की गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही, पाणी ओघळून फरशीवर येतं आणि कोणीतरी आडवं होतं. म्हणून दाराच्या चौकटीत तापणारी एक बारीक तार असते, ती चौकट कोमट ठेवते. तार सदान्‌कदा तापवली तर वीज वाया जाते, आणि नाही तापवली तर घाम. नेमकी किती तापवायची ते ठरवायला एक कंट्रोलर असतो. छताजवळ साबणाच्या डबीएवढा सेन्सर बसवलेला असतो, तो हवेचं तापमान आणि दमटपणा सांगतो. कंट्रोलर त्यातून दवबिंदू काढतो, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की तिचं पाणी होईल तो आकडा. आकडा वर गेला की तारा जास्त तापतात, खाली आला की कमी. पंधराच्या वर गेला, तर अलार्म वाजतो.

अशी त्रेचाळीस दुकानं दवबिंदूरावांच्या पडद्यावर होती. त्यांपैकी एकाही दुकानात त्यांनी अकरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, पण अकरा नंबरच्या दुकानात सकाळी साडेआठला पाव भाजतात आणि तेहतीस नंबरचा मागचा दरवाजा नीट लागत नाही, हे त्यांना घरबसल्या, म्हणजे खुर्चीबसल्या, कळायचं. दुकानांची हवा श्वास घ्यावा तशी वरखाली व्हायची. माणसं आली की वर, गेली की खाली. दवबिंदूराव ते बघत डबा खायचे.

आई होती तोवर रोज चारच्या सुमाराला तिचा फोन यायचा. कधी येणार, एवढंच विचारायची. उत्तर अकरा वर्षं एकच होतं, साडेसहा. तरी ती विचारायची, आणि ऐकून 'बरं' म्हणायची, जणू काही आजच ठरलंय. गेल्या हिवाळ्यात ती गेली. ताई आली, पंधरा दिवस राहिली, कपाटं आवरली आणि जाताना स्वतःचा नंबर ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवून गेली, भावाला तो पाठ नसावा तसा. आता ती दर रविवारी फोन करायची. जेवलास का? जेवलो. काय केलंस? तेच. मग ती म्हणायची, बरं, ठेवते, आणि दिलेला शब्द पाळायची. उरलेले सहा दिवस दवबिंदूराव चारच्या सुमाराला खिशातला फोन काढून वेळ बघत. वेळ समोरच्या पडद्यावर होती, दोन ठिकाणी.

तेवीस नंबरचा पहिला अलार्म खराखुरा होता. दुकानातलं एअर कंडिशनिंग बंद पडलं आणि दवबिंदू सोळाच्या वर गेला. नियम असा, की अलार्म आला की दुकानाला फोन करायचा, तिथल्या माणसाने एकेक दार बघून सांगायचं आणि इकडे ते वहीत टिपून घ्यायचं. फोन थंड कपाटांवर काम करणाऱ्या बाईंनी घेतला. दुकानात त्यांना फ्रीजबाई म्हणतात हे मागून कोणीतरी तशी हाक मारल्यामुळे कळलं. आवाज मोठा आणि मोकळा होता. फोन कानाला लावून त्या बारा दारांपुढून चालत गेल्या. एक नंबर, काच धुरकट. दोन नंबर, खालच्या कोपऱ्यात पाणी. तीन नंबर, थांबा हं साहेब, एक आजी दही काढतायत, त्यांना निवड करू दे. हं, तीन नंबर धुरकट. चार मिनिटं लागली. बारावं दार झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी काही, साहेब?"

आणखी काही नव्हतं. दवबिंदूरावांनी तसं सांगितलं, फोन ठेवला, आणि मग बराच वेळ त्यांना आणखी काय काय सांगता आलं असतं ते आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी एअर कंडिशनिंग दुरुस्त झालं. तेवीस नंबरची रेषा नवापासून दहापर्यंत शहाण्यासारखी चालत होती. फक्त पावणेचारला तिथे फरशी गरम पाण्याने पुसत, तेव्हा ती तासाभरासाठी बारापर्यंत चढायची. बारा म्हणजे काहीच नाही. काचेला बाराचं काही वाटत नाही. दवबिंदूरावांनी तेवीस नंबरचं सेटिंगचं पान उघडलं. अलार्मची मर्यादा, पंधरा. त्यांनी पंधरा खोडून साडेअकरा लिहिलं. यंत्राने विचारलं, बदल जतन करायचा का? हो. यंत्राने पुन्हा विचारलं, नक्की? इतकी विचारपूस त्यांची बऱ्याच दिवसांत कोणी केली नव्हती. नक्की.

चार वाजून दहा मिनिटांनी अलार्म आला.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. दवबिंदूरावांनी स्वतःची समजूत अशी घातली होती, की यात कोणाचं काही जात नाही. चार मिनिटांचं काम. बाईंचे पाय मोकळे होतात, दारंही तपासून होतात. हळूहळू दारांच्या अध्येमध्ये इतर गोष्टी येऊ लागल्या. पाच नंबर स्वच्छ, आज माझा गुडघा फार धरलाय. सहा नंबर स्वच्छ, थोरलीचं लग्न जमता जमता राहिलं, मुलाला म्हणे शांत मुलगी हवी. आमच्या घराण्यात शांत कोणी जन्मालाच आलेलं नाही, आणायची कुठून? दवबिंदूराव 'हं' म्हणायचे. ते वहीत लिहायचे, सहा नंबर स्वच्छ. दोनदा बाईंनी विचारलंही होतं, साहेब, हे रोजच का होतंय? दारं तर कोरडी ठणठणीत. दोन्ही वेळा ते म्हणाले होते, "हवा आहे, बाई. चालायचंच."

असे सात आठवडे गेले. आठव्या आठवड्याच्या सोमवारी अलार्म आला नाही.

त्यांना वाटलं, फरशी पुसायला उशीर झाला असेल. साडेचार झाले, पाच झाले. त्यांनी तेवीस नंबरचा आलेख मोठा करून पाहिला. रेषा सकाळी दहाच्या सुमाराला कड्यावरून उडी टाकावी तशी खाली आली होती आणि उणे आठवर सरळ आडवी पडली होती. ना वर, ना खाली. चालत्या दुकानाची हवा इतकी कोरडी असूच शकत नाही. शंभर माणसं येतात-जातात, बोलतात, खोकतात. ही रेषा दुकानाची नव्हतीच, कुठल्या तरी बंद डबीची होती.

आणि कंट्रोलर बिचारा सांगितलं ते ऐकणारा. हवा कोरडी म्हणतायत म्हटल्यावर त्याने तारा जवळजवळ बंद करून टाकल्या होत्या. याचा अर्थ बारा दारांना घाम सुटला असणार. पण आकडा फार खाली गेल्याबद्दल अलार्म वाजवायची सोय कोणी केलेली नव्हती.

मंगळवारीही तेच. बुधवारी दवबिंदूरावांनी अलार्मशिवाय फोन केला. नियमात बसत नव्हतं, म्हणून आवाज जरा अधिकच सरकारी निघाला. बाईंनी एका दमात सांगितलं, "बाराच्या बारा स्वच्छ आहेत, साहेब. कुठे काही नाही." इतक्या लवकर बारा दारं कोणी बघू शकत नाही. मागे फडकं पिळल्याचा आवाज आला, पाणी बादलीत पडलं, आणि फोन बंद झाला. आणखी काही, हे बाईंनी विचारलं नाही.

सेन्सरशी बाईंनीच काहीतरी केलं होतं. आणि सेन्सरला हात लावणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवायचं, असा कंपनीचा नियम होता. गेल्या वर्षी सतरा नंबरच्या दुकानात एकाने सेन्सरवर ओली टोपी वाळत घातली होती. टोपी वाळायच्या आत तो बाहेर होता.

संध्याकाळी साहेबांनी, म्हणजे वयाने पंधरा वर्षांनी लहान असलेल्या साहेबांनी, जाता जाता मागच्या खोलीत डोकं घातलं. तेवीस नंबरचा सेन्सर अडकलेला दिसतोय, शुक्रवारी फिटर पाठवतो, म्हणाले. फिटर म्हणजे फोटो, फोटो म्हणजे अहवाल, आणि अहवालात 'छेडछाड' नावाचा रकाना होता.

दवबिंदूराव म्हणाले की फिटर कशाला, उद्या मीच जाऊन येतो.

"तुम्ही?" साहेबांनी खोक्यांकडे बघितलं, बहुधा खात्री करून घ्यायला की दुसरं कोणी बोललं नाही. "बाहेर?"

गुरुवारी सकाळी अकराला ते तेवीस नंबरच्या दुकानात शिरले. आलेखावर हे दुकान ऐसपैस वाटायचं; प्रत्यक्षात ते एका लांबट खोलीएवढं होतं. टोकाला बारा दारं ओळीने उभी होती आणि बाराही पांढरी झाली होती. आत दूध आहे की पुस्तकं, कळत नव्हतं. खाली फरशीवर खोकी फाडून त्यांचे पुठ्ठे अंथरले होते, तेही भिजून मऊ पडलेले. पाचव्या दाराशी एक ठेंगणी, पन्नाशीची बाई पिवळ्या फडक्याने काच पुसत होती. पाच पुसून सहाकडे वळेपर्यंत पाच पुन्हा पांढरं होत होतं. हे ती सोमवारपासून करत असणार.

आवाजावरून दवबिंदूरावांनी बाईंना चांगलं उंच धरलं होतं. ते मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की मी कंट्रोल रूममधून आलो आहे.

फडकं काचेवर तसंच थांबलं. चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण आवाज ओळखायला बाईंना दुसरं वाक्य लागलं नाही. त्या मागच्या कोठारात गेल्या, आणि दवबिंदूराव त्यांच्या मागोमाग.

कोठारात भिंतीवर एक कागद टाचणीने लावला होता. सर्वाधिक अलार्म देणारी दुकानं. पहिला नंबर तेवीस, अलार्म एक्केचाळीस. दुसऱ्या नंबरच्या दुकानाचे तीन होते. असली यादी निघते हे दवबिंदूरावांना ठाऊक नव्हतं. ती दुसऱ्या मजल्यावर तयार व्हायची आणि मागच्या खोलीत कोणी काही पाठवत नसे.

मग बाईंनी सांगितलं, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबल्या नाहीत. त्या कंत्राटावर होत्या, कंत्राट महिनाअखेर संपत होतं. मॅनेजरने यादी दाखवून सांगितलं होतं, की तुमच्याच कपाटांना रोज कसली रड लागलीये? नीट बघत नसाल तर बघणारं दुसरं माणूस आणू. म्हणून त्यांनी सगळे उपाय केले. दारांची रबरं बदलून घेतली. फरशी गार पाण्याने पुसून बघितली, तर मॅनेजर म्हणाला, डाग राहतात. गिऱ्हाइकांना दार उघडं धरू नका म्हणून विनवलं, दोघांशी भांडण झालं. अलार्म आपला चारच्या ठोक्याला हजर. शेवटी रविवारी घरातल्या सगळ्या चपलाबुटांची खोकी उपसली, त्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या गोळा केल्या, सोमवारी सकाळी शिडी लावली आणि पुड्या भरलेली प्लास्टिकची पिशवी त्या पांढऱ्या डबीवर चढवून वर रबर बांधलं. दमट हवा मिळालीच नाही तर डबी कशाला बोंबलेल?

शास्त्र अगदी बरोबर होतं. दवबिंदूरावांच्या ऑफिसात हे सुचेल असा एकही माणूस नव्हता.

"तुम्हाला दोनदा विचारलं होतं मी," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, हवा आहे."

दवबिंदूरावांनी कोठारभर नजर फिरवली. बसायला तेलाचा एक डबा होता, त्यावर ते बसले नाहीत. ते म्हणाले, मर्यादा पंधरा असते. इथली मी साडेअकरा केली. दारांना काहीच झालेलं नव्हतं.

बाईंना ते लगेच कळलं नाही. मग कळलं.

"म्हणजे रोज चारला घंटा तुम्ही वाजवत होता?"

"हो."

"का? काम होतं काही?"

"नाही."

बाहेर कोणीतरी विचारत होतं, की दुधाचं दार कुठलं. बाईंनी फडकं पिळलं, बादलीत नव्हे, तिथेच.

दवबिंदूराव मॅनेजरकडे गेले. मॅनेजरला मर्यादा, दवबिंदू यांत रस नव्हता. त्याला अलार्म बाईंमुळे नव्हते एवढं लेखी हवं होतं. त्याने फॉर्म दिला. दवबिंदूरावांनी लिहिलं, की एक्केचाळीस अलार्म चुकीच्या सेटिंगमुळे आले, सेटिंग मी बदललं होतं, दुकानातल्या कोणाचाही दोष नाही, कपाटांची देखभाल उत्तम आहे. सेन्सरपुढे लिहिलं, 'स्थिती चांगली'. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'तांत्रिक'. सही केली.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कागद मागून घेतला, बोट ठेवत वाचला आणि परत दिला.

"तांत्रिक कारण मागच्या महिन्यातही लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तांत्रिक लिहिलं की वरून माणूस येतो आणि माझ्याच दारांची रबरं ओढून बघतो. खरं काय ते लिहा."

मॅनेजर घड्याळ बघत होता. दवबिंदूरावांनी 'तांत्रिक'वर काट मारली. हा फॉर्म आधी साहेबांकडे जाणार, तिथून दुसऱ्या मजल्यावर, आणि मग जेवणाच्या सुट्टीत सगळीकडे, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. वही भरण्यापलीकडे त्यांनी आयुष्यात फारसं लिहिलं नव्हतं, त्यामुळे वाक्य जुळायला वेळ लागला. रकाना लहान होता, अक्षरं बारीक काढावी लागली. 'दुपारी चारच्या सुमारास कोणाशी तरी बोलायला मिळावं म्हणून.'

मॅनेजरने ते वाचलं. दवबिंदूरावांकडे बघितलं, पुन्हा वाचलं, आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तारीख घातली का?"

तारीख घातली.

बाईंनी मॅनेजरच्या खांद्यावरून तेवढी ओळ वाचली. त्या दयेनं काही बोलतील अशी धास्ती दवबिंदूरावांना वाटली होती, रागानं बोलतील अशीही. त्या म्हणाल्या, "शिडी कोठारात आहे. पिशवी तुम्ही काढा, मला गुडघ्यामुळे सोमवारीच फार झालं." आणि मग, शिडी आणल्यावर, खालून ती घट्ट धरून, "रोज फोन करू नका. खरंच काही झालं तर करा."

"झालं तर करीन."

पिशवीत बावीस पुड्या निघाल्या. दवबिंदूरावांनी त्या खिशात घातल्या आणि भिंतीवरच्या कंट्रोलरपाशी जाऊन साडेअकराचे पंधरा केले. आकडा उणे आठवरून हलला. शून्य, चार, आठ. चौकटींना हात लावला तर अजून गारच होत्या. घाम पुरता जायला चाळीस मिनिटं लागतील, त्यांनी बाईंना सांगायला मान वळवली, पण बाई गल्ल्याजवळ एका गिऱ्हाइकाशी बोलत होत्या, मोठ्यानं, हसून, फोनवर बोलायच्या तशाच. सगळ्यांशीच त्या तशा बोलत असणार.

नियमाप्रमाणे शेवटचं दार स्वच्छ होईपर्यंत थांबायचं असतं. दवबिंदूराव भिजल्या पुठ्ठ्यांवर उभे राहिले. काचा कडेने उजळू लागल्या. आधी चौकटीलगत बोटभर पट्टी, मग हात मावेल एवढी. आत एकेक रंग दिसायला लागला. लोक त्यांना वळसा घालून जात होते. चष्मा कपाळावर चढवलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र त्यांची बाही ओढली आणि विचारलं, लोणी कुठे ठेवलंय हो? चार दिवस झाले, दिसतच नाही.

दवबिंदूरावांना ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांत दारांच्या पलीकडे काय असतं ते कोणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. ते पहिल्या दारापासून वाकून आत बघत निघाले, म्हातारे त्यांच्या मागून, बाही न सोडता.

"चौथ्या दारात आहे," ते म्हणाले. "खालून दुसऱ्या फळीवर. मिठाचं डावीकडे, बिनमिठाचं उजवीकडे."

म्हाताऱ्यांनी बिनमिठाचं घेतलं, वरची तारीख डोळ्यांजवळ धरून वाचली, मान हलवली आणि गेले. दार आपोआप बंद झालं. काच स्वच्छ राहिली.